शिवेबाहेरचं जवळचं ठिकाण

ओरोसच्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या शर्मिला गावकरला एक खोड होती. सकाळी संगणक सुरू झाला, चहाचा कप टेबलावर आला, की कामाला हात घालण्याआधी ती एक छोटीशी क्वेरी चालवायची. डेटाबेसमध्ये जिल्ह्यातली घरं ठिपक्यांच्या रूपात साठवलेली होती. त्यांतले दोन ठिपके ती उचलायची. एक तिची ओरोसातली भाड्याची खोली, आणि दुसरा मुरवणे गावातलं तिच्या वडिलांचं घर. या दोहोंत अंतर किती, एवढंच विचारायचं. उत्तर यायचं, बावीस किलोमीटर चारशे दहा मीटर. तीन वर्षांत त्यात एका मीटरचा फरक पडला नव्हता. घरं काही चालत नाहीत हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण विचारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

तिचं काम म्हणजे जवळचं शोधून देणं. जिल्ह्यात कुठेही कुणी अडचणीत सापडलं आणि मोबाईलवरून मदत मागितली, की माणूस उभा आहे ती जागा डेटाबेसकडे येते. मग तिथून जवळची रुग्णवाहिका, जवळचा दवाखाना, तारकर्लीला कुणी पाण्यात ओढलं गेलं तर जवळची होडी, हे सगळं अंतराच्या क्रमाने लागून पहिली तीन नावं समोर यायला हवीत. शर्मिला ही व्यवस्था सांभाळायची. तिच्या शेजारच्या टेबलावर आकांक्षा नावाची सांगलीकडची बाई नुकतीच बदलून आली होती. पहिल्याच आठवड्यात आकांक्षाने अक्षांशाच्या जागी रेखांश भरले, आणि मालवणातले झाडून सगळे दवाखाने उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडले. शर्मिला पोट धरून हसली, आणि मग तिला नीट समजावूनही सांगितलं.

"हे बघ, नुसतं जवळचं असं काही नसतं. कशापासून जवळचं, ते आधी ठरव. सुरुवातीचा ठिपका चुकला, की पुढची सगळी गणितं बरोबर येऊनही उत्तर चुकतं."

हे तिचं आवडतं वाक्य होतं. दुसऱ्याला शिकवायची वाक्यं माणसाला स्वतःच्या वेळी आठवतातच असं नाही, हे पुढे कळेल.

आता बावीस किलोमीटर म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचं अंतर नव्हे. मग ती नुसती मोजत का बसायची? त्याचं असं झालं, की आठ वर्षांपूर्वी शर्मिला पुण्याला एका खासगी कंपनीत होती. गावांचे जुने कागदी नकाशे संगणकात उतरवायचं काम त्या कंपनीकडे होतं. वाटपात मुरवण्याचा कागद नेमका तिच्या टेबलावर आला. ती हरखून गेली. आपला गाव आपल्या हाताने काढायचा! पण कागद उलगडला आणि तिच्या लक्षात आलं, की यातली शीव आणि गावातली शीव एक नाही. मुरवणे गावाची शीव म्हणजे देवाची शीव. ती देवराईला पोटात घेऊन पार पलीकडच्या पाषाणापर्यंत जाते. कागदावरची रेघ मात्र देवराईच्या अलीकडूनच वळत होती. कोण्या काळच्या मोजणीदाराला जंगलात शिरायचा कंटाळा आला असेल, देव जाणे. शर्मिलाने दोन दिवस तो कागद बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी कागदात आहे तशीच रेघ ओढली, कारण नोकरीची अटच तशी होती, आणि पुढचा गाव हातात घेतला.

वर्षभराने पलीकडच्या गावाने तो नवा नकाशा पुढे करून देवराई आपली असल्याचं सांगितलं. मुरवण्यात रान पेटलं. रेघ कुणी ओढली हे लपून थोडंच राहणार? गुरुदास गावकरांच्या मुलीने शीव कापली, असं घरोघरी झालं. गुरुदास म्हणजे तिचे वडील, गावाचे पहिले मानकरी. बायको वारलेली, मुलगी एकुलती एक. देवळात सगळा गाव जमला आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर लागले. शेवटी तेच उठले, देवाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जोपर्यंत शीव जाग्यार येणा नाय, तवसर माझा चेडू ह्या शिवेच्या भितर पाय घालूचा नाय."

शीव जागेवर येईपर्यंत मुलगी आत येणार नाही, हा देवापुढे बोललेला शब्द. तो मागे घ्यायची सोय नसते. शर्मिलाने वर्षभर फोन केले, तिकडून उचलले गेले नाहीत. रेघ दुरुस्त व्हावी म्हणून अर्ज केले. पण कागदातली चूक सुधारायला दुसरा कागद लागतो, आणि देवाची शीव कुठल्याच कागदावर नव्हती. पुण्याची नोकरी सोडून ती ओरोसला आली, ती निदान तेवढं तरी जवळ म्हणून. लग्न राहून गेलं. कामासाठी मालवणला जायचं झालं, की कसालच्या रस्त्यावर मुरवण्याचा फाटा लागतो, म्हणून ती मुद्दाम चौक्याच्या लांबच्या रस्त्याने जायची. फाट्यावरची पाटी दिसली की छातीत कळ येते, आणि तशी कळ घेऊन बैठकीत बसता येत नाही.

तिला बापाचा राग होता. आपण गुन्हा केला नाही, नोकरी केली, असं ती मनातल्या मनात त्यांना शंभरदा सुनवायची. पण रागाहून आठवण मोठी होती. कॉलेजात जायला लागली तरी सकाळच्या पेजेबरोबर भाजलेल्या सुक्या बांगड्याचे काटे ते बोटांनी काढायचे आणि मग तो तिच्या ताटलीत ठेवायचे. ती ओरडायची, मी काय लहान आहे का? आता सात वर्षांत तिने एकदाही सुका बांगडा भाजला नव्हता.

मार्गशीर्षात तिच्या काशी काकीचा फोन आला. गावातलं तेवढं एकच माणूस तिच्याशी बोलत असे, तेही गोठ्यामागे उभं राहून.

"शर्मिले, सोमवारी गावपळण. देवान कौल दिल्यान."

गावपळण म्हणजे मुरवण्याची जुनी रीत. दर चार वर्षांनी सगळा गाव देवाला मोकळा करून द्यायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळ्यांनी शिवेबाहेर निघायचं आणि तीन दिवस, तीन रात्री माडाच्या झावळ्यांच्या खोप्यांत राहायचं. त्या दिवसांत शिवेच्या आत कुणीही पाय टाकायचा नाही. चौथ्या सकाळी एकटा गुरव आत जाऊन देवाला कौल लावतो. देव हो म्हणाला की ढोल वाजतो. मग गावकरांच्या घरचा कर्ता पुरुष पहिलं पाऊल आत टाकतो, आणि त्याच्यामागून गाव.

फोन ठेवता ठेवता शर्मिलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागच्या गावपळणीच्या वेळी ती पुण्याला होती आणि संतापलेली होती, तेव्हा हे सुचलंच नव्हतं. शब्द काय होता? मुलगी शिवेच्या आत येणार नाही. पण एरवी कधी शीव न ओलांडणारे बाबाच सोमवारी दुपारनंतर शिवेबाहेर असणार होते. तीन दिवस. तेवढ्यात त्यांना गाठलं तर गाठलं, नाहीतर ते पुन्हा आत जाणार आणि पुढची चार वर्षं दार बंद. बाबांना अडुसष्टावं लागलेलं. चार वर्षांचा भरवसा कुणी द्यावा?

सोमवारी सकाळपासून ती काकीला फोन लावत होती, पण काकीचा फोन बंद. खोप्यांत वीज कुठली असणार? मुरवण्याची शीव चौदा किलोमीटरची, आणि तिच्याबाहेर चहूबाजूंनी झाडाझुडपांत लोक पांगलेले. त्यात एक म्हातारा कुठे शोधायचा? शर्मिला मनात म्हणाली, एवढ्याचसाठी तर मी पगार घेते. तिने सुरुवातीचा ठिपका म्हणून बाबांचं घर धरलं. विहिरींची यादी डेटाबेसमध्ये होतीच. तीन दिवस राहायचं तर पाणी हवं, आणि बाबांचा गुडघा दुखतो, म्हणजे ते घरापासून फार लांब जाणार नाहीत. तेव्हा गावाच्या शिवेच्या आत पडतात त्या विहिरी गाळ, उरलेल्या घरापासूनच्या अंतराने लाव, पहिल्या पाच दे. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नाही. पहिली विहीर घरापासून फक्त सहाशे चाळीस मीटर. तिने टाळी वाजवली, आणि आकांक्षाने दचकून मान वर केली.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दुचाकीवर निघाली. फाट्यावरून जाणारा रस्ता सरळ गावातून जातो, तो तिला बंद. म्हणून नेहमीप्रमाणे चौक्याकडून वळसा घालून, पलीकडच्या गावातून, मोबाईलवरच्या ठिपक्यामागे ती गेली. रस्ता संपला तिथे गाडी लावली आणि पायवाटेने चालू लागली. वाटेत तिने काय काय बोलायचं याची तयारी केली होती. आधी पाया पडायचं, मग भांडायचं.

विहिरीवर कुणी नव्हतं. खोपी नाही, चूल नाही, शेणाचा पो देखील नाही. नुसती गच्च झाडी, आणि इतकी शांतता की सुकलेलं पान पडलं तरी ऐकू येत होतं. कठड्याला शेवाळ धरलं होतं. तिने मागे वळून पाहिलं. तिच्या पाठीमागे, आत्ताच ती ज्याच्या बाजूने आली होती तो, शेंदूर फासलेला पाषाण उभा होता.

ही देवराईतली विहीर. डेटाबेसने ती शिवेबाहेरची म्हणून दिली होती, कारण डेटाबेसमधली शीव शर्मिलाने स्वतःच काढलेली होती. आणि गाव मात्र देवाच्या शिवेबाहेर गेलेला. म्हणजे मोकळ्या केलेल्या गावात, जिथे या तीन दिवसांत मुंगीनेही येऊ नये अशी रीत, तिथे ती एकटी उभी होती, तीही चपला घालून. ज्या एका माणसाला हा नियम दोनदा लागू, तिनेच तो मोडला होता. सात वर्षं जपलेला बापाचा शब्द तिने एका क्वेरीच्या भरवशावर घालवला होता. तिने चपला हातात घेतल्या आणि पाषाणापलीकडे अक्षरशः पळत सुटली. गाडीपाशी पोचल्यावर सीटवर डोकं ठेवून ती रडली.

बुधवारी मुंबईहून कुणी मोठे साहेब पडद्यावर बोलणार होते, त्यामुळे रजेचं नाव काढायची सोय नव्हती. साहेब आकडे विचारत होते, आणि शर्मिला चोरून नवी शीव आखत होती. देवाची शीव कुठल्याही कागदावर नव्हती, पण तिच्या कानात होती. दरवर्षी जत्रेत बाबा देवाला गाऱ्हाणं घालायचे, तेव्हा राखणीसाठी गावाच्या खुणा एकेक करून सांगायचे. उगवतीला जोडआंबा, तिथून कातळातली कोंड, तिथून व्हाळाचं पाणी उतरतं ती जागा, मग सातविणीचं झाड, मग पाषाण. ती तेव्हा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसायची आणि प्रत्येक खुणेला सगळ्यांबरोबर "होय म्हाराजा" म्हणून ओरडायची. आता ती डोळे मिटून तोच आवाज ऐकत होती आणि प्रत्येक खुणेवर एकेक ठिपका ठेवत होती. बारा ठिपके झाले. रेघ जुळली, देवराई आत आली. बापाचा आवाज इतका जवळून येत होता, की बैठक चालू असतानाच तिच्या तोंडून हळूच "होय म्हाराजा" निघालं.

आकांक्षाने वाकून पाहिलं. "ही कुठल्या शीटवरची लाइन, मॅडम?"

"शीटवर नाही ही."

"मग बरोबर कशावरून?"

"माझ्या बाबांनी सांगितली म्हणून," शर्मिला म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

नव्या शिवेने पाच नव्या विहिरी दिल्या. गुरुवारी पहाट फुटताच ती निघाली. हा शेवटचा दिवस होता, कौलाचा. पहिल्या विहिरीवर चार खोप्या होत्या, पण माणसं ओळखीची नव्हती. तिला पाहून ती गप्प झाली, त्यावरून तिने ओळखलं की तिला मात्र सगळे ओळखतात. दुसऱ्या विहिरीवर पोरं आंघोळ करत होती. तिसरी आटलेली. चौथ्या विहिरीवर तिच्या भावकीची सगळी बिऱ्हाडं उतरलेली होती. खोप्या सोडायची घाई चालली होती, कोंबड्या डालग्यात भरणं चाललं होतं. काशी काकी हंडा घासत बसली होती. शर्मिलाला पाहताच तिच्या हातातली नारळाची शेंडी खाली पडली.

"शर्मिले! तू खंय होतंस गो तीन दिस?"

"बाबा खंय आसत, काकी?"

"तो हंय कशाक येतलो?" काकी चिडून म्हणाली. "सोमवारपासून फाट्यार जावन बसलोहा. थंय पाण्याचो थेंब नाय. अर्ध्या मैलावरसून कळशी आणता, तो गुडघो घेवन. आमी सांगून सांगून दमलों. आयकता खंय?"

"फाट्यार? फाट्यार कित्याक?"

काकीने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली मुलगी आणि एवढंही कळू नये.

"ओरोसची गाडी थंय थांबता म्हणान."

शर्मिला तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसली. पहिल्या आठवड्यात आकांक्षाला शिकवलेलं सगळं तिला आता समजलं. तिने बाबांच्या घरापासून जवळचं ठिकाण शोधलं होतं, कारण माणूस आपल्याच घराच्या जवळ राहील असं ती धरून चालली होती. बाबांनी सुरुवातीचा ठिपका ओरोसला ठेवला होता. चौदा किलोमीटरच्या शिवेवर तिच्या खोलीला सगळ्यांत जवळची जी जागा होती, तिथे ते तीन दिवस बसून होते, आणि ती तोच फाटा टाळायला चौक्याच्या रस्त्याने फिरत होती.

"ऊठ," काकी म्हणाली. "गुरव कवाच भितर गेलो. ढोल वाजलो की संपला."

शर्मिलाने गाडी कशी हाकली ते तिला नंतर आठवलं नाही. बाहेरच्या वाटेने फाट्यापर्यंत नऊ किलोमीटर होते. कसालच्या रस्त्याला लागली तेव्हा सात वर्षांनी ती पाटी दिसली, आणि पाटीखाली, एसटीच्या थांब्याला टेकून उभी केलेली एकच एक खोपी.

गुरुदास गावकर दगडावर बसले होते. केस पार पांढरे झाले होते, बाहीतून दंडाची हाडं दिसत होती. त्यांचे डोळे ओरोसकडून येणाऱ्या रस्त्यावर होते, आणि ती आली पाठीमागून. तिने गाडी बंद केली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. ते उठले नाहीत. बहुतेक त्यांना उठता आलं नाही.

"इलंस?"

"इलंय."

"दर गाडयेक उठान बघी होतंय," ते म्हणाले. "पुढच्या दारान कोणी उतारला की माका वाटला, तू. मागच्या दारान उतारला तरी, तू."

"मी एसटीन येणय नाय, बाबा. माझी गाडी आसा."

"ता माका काय म्हायत?"

तिने पाया पडायचं ठरवलं होतं ते केलं. भांडायचं ठरवलं होतं ते झालं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही, तसेच बसून राहिले. शर्मिला त्या हाताखाली मान खाली घालून म्हणाली, "मंगळवारी मी देवरायेत गेल्लंय. विहिरीपर्यंत. चुकान गेलंय, माझ्या नकाशात ती शिवेच्या भायर आसा. तुमचो शब्द मोडलो माझ्यान."

रस्त्यावरून एक वाळूचा डंपर धूळ उडवत गेला.

"तुझ्या नकाशात भायर आसा?"

"होय."

"मगे तू भायरच होतंस," गुरुदास म्हणाले.

ज्या रेघेपायी त्यांनी मुलगी गमावली होती, ती रेघ आज त्यांनी पहिल्यांदा मान्य केली, तीही तिला वाचवायला. शर्मिलाला हुंदका आवरेना. तिला सांगायचं होतं की मी तुमची शीव काल काढली, बारा खुणांसकट, तुमच्या आवाजावरून काढली; पण तोंडातून शब्द फुटायच्या आत आतल्या बाजूने ढोल ऐकू आला.

देवाने कौल दिला होता. बघता बघता, पहाटेपासून बाहेरच्या वाटेने निघालेल्या माणसांनी फाटा भरला. डोक्यावर गाठोडी, हातात दावी, काखेत पोरं. तीन दिवस उघड्यावर काढलेल्या लोकांना घर दिसायला लागलं होतं. गुरं तर शिवेकडे तोंड करून हंबरत होती. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शिळा आहेत, तीच शीव. त्यांच्यापाशी येऊन सगळा गाव थांबला, कारण पहिलं पाऊल गुरुदासांचं. शर्मिलाकडे बघून बायकांमध्ये कुजबुज झाली. गुरुदासांचा चुलतभाऊ सत्यवान गर्दीतून पुढे आला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दादा, ढोल वाजलो. चल."

गुरुदास गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतर झटकलं, टोपी नीट केली आणि शिळांपर्यंत चालत गेले. शर्मिला जागची हलली नाही. झालं ते पुष्कळ झालं, असं ती स्वतःला समजावत होती. डोक्यावर हात ठेवला, आणखी काय हवं? चार वर्षं काय, जातील. पण तिला ती चार वर्षं समोर दिसत होती, एकेक सकाळ दिसत होती, आणि पाठमोरा चालणारा हा वाकलेला माणूस पुन्हा बाहेर येईल याची खात्री जगातल्या कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हती. ती मोठ्याने ओरडणार होती, बाबा. ओरडली नाही.

शिळांपाशी गुरुदास थांबले. आत पाहिलं. मग वळून सत्यवानाला म्हणाले, "तू घाल पाय."

सत्यवानाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मान तुझ्या घराचो, दादा."

"आसा. आज तू घे."

"आनी तू?"

"मी रवतंय हंय."

गावात एकदम गलका झाला. कुणी म्हणालं असं कधी झालं नाही, कुणी म्हणालं देवाला काय सांगायचं? मागून टेम्पोने येऊन पोचलेल्या काशी काकीने पदर तोंडाशी नेला. सत्यवान आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, देवाक शब्द दिलंस तू."

"तिच्या पायाचो दिलंय," गुरुदास म्हणाले. "माझ्या पायाचो नाय दिलंय."

सत्यवान थोडा वेळ घुटमळला, मग त्याने शिळांना हात जोडले आणि पाय आत टाकला. त्याच्यामागून गुरं गेली, मग पोरं, बायका, डालग्यातल्या कोंबड्या, कुत्री. काकी जाता जाता एक कळशी खोपीपाशी ठेवून गेली. जाणारा प्रत्येक जण वळून बघत होता. ढोल लांब गेला, आणखी लांब गेला आणि थांबला.

गुरुदास परत आले आणि खोपीच्या सावलीत बसले. गुडघा लांब केला, तो दोन्ही हातांनी चोळला. शर्मिला अजून उभीच होती. आज, उद्या, परवा, किती दिवस, असं विचारावं असं तिला वाटलं, आणि विचारायची भीती वाटली.

"बस गो," ते म्हणाले. "कॉलेजातसून भायर पडलंस, थंयसून सांग. काय एक गाळू नको."